दर आठवड्याला एक विषय, एक फोटो: गोव्यातल्या हौशी मंडळींचे नेहमीचे प्रश्न

सोमवारी विषय ठरतो आणि रविवारी रात्रीपर्यंत त्या विषयावरचा एक फोटो काढून हातावेगळा करायचा असतो. वर्षाचे असे ५२ आठवडे. ऐकायला सोपं वाटतं, पण पहिल्या महिन्याचा उत्साह ओसरला की गाडी अडते. दोष क्वचितच कॅमेऱ्याचा असतो. फोटो कुठेतरी लांब, सुंदर जागी आहे आणि आपल्याला तिथवर जायला वेळ नाही, ही समजूतच आडवी येते. खालची बहुतेक उत्तरं या समजुतीशी भांडणारी आहेत.

यात नेमकं करायचं काय असतं?

विषय एक, फोटो एक आणि तो त्याच आठवड्यात काढलेला. नियम एवढेच ठेवा. मित्रांच्या गटात करत असाल तर आठवडा कधी सुरू होतो आणि कधी संपतो, हे आधी ठरवून टाका. सोमवार सकाळ ते रविवार रात्र ही चौकट नोकरदारांना सोयीची पडते, कारण शनिवार-रविवार शेवटी येतो. उलटं केलं, म्हणजे शुक्रवारी विषय जाहीर केला, की लोक त्याच शनिवारी डोक्यात येईल ते काढून मोकळे होतात.

चांगला कॅमेरा घेतल्याशिवाय सुरुवात करू नये का?

मोबाइल पुरतो. त्यातही मुख्य लेन्स वापरा. अल्ट्रावाइडचा सेन्सर बहुधा लहान असतो आणि संध्याकाळनंतर फोटो दाणेदार येतो. दोन बोटांनी झूम करण्यापेक्षा चार पावलं पुढे जा. एक्स्पोजर लॉक कसं करायचं ते शिकून घ्या: पडद्यावर बोट दाबून धरायचं आणि मग वर-खाली सरकवून उजेड कमी-जास्त करायचा. निम्मे विषय एवढ्यावर निभावतात.

मोबाइलच्या फोटोंतला सगळ्यात मोठा दोष मात्र लेन्सवरच्या बोटांच्या तेलाचा असतो. त्यात आपल्याकडच्या दमट हवेची भर. दिव्यांभोवती धुरकट वलय दिसतं, काळा रंग राखाडी होतो आणि माणूस नवीन फोन शोधायला लागतो. सदऱ्याच्या आतल्या बाजूने लेन्स पुसा आणि पुन्हा काढून बघा.

कॅमेरा असेल तर सोबत आलेली १८–५५ लेन्स वर्षभर पुरेल. नवीन काही घ्यायचंच झालं तर ५० मिमी एफ १.८ (एफचा आकडा जितका लहान, तितका लेन्समधून उजेड जास्त). समईच्या उजेडात तीच कामाला येते.

आठवड्याला किती वेळ काढावा लागतो?

तीन तास. सोमवारी १५ मिनिटं कागदावर विचार, मधल्या वारी येता-जाता जागा हेरायला पाऊण तास, प्रत्यक्ष फोटोला दीड तास आणि निवड-एडिटिंगला अर्धा तास. सोमवारची १५ मिनिटं टाळली की रविवारचे दीड तास नुसते भटकण्यात जातात.

विषय आणायचे कुठून?

५२ चिठ्ठ्या लिहून बरणीत टाका आणि दर सोमवारी एक काढा. चिठ्ठ्यांची वाटणी अशी करता येईल: १२ तंत्राच्या (मागून येणारा प्रकाश, मंद शटर, एकच रंग, जमिनीलगतचा कोन), १२ आकार-रंगांच्या (वर्तुळ, लाल, रेषा, पोत), १४ अमूर्त (प्रतीक्षा, गोंगाट, उरलेलं, शेजार) आणि १४ स्थानिक. अमूर्त विषय सलग दोन आले तर दुसरी चिठ्ठी खुशाल परत टाका, दमछाक होते.

स्थानिक विषय मात्र बरणीत न टाकता कॅलेंडरवर लिहा, कारण त्यांना तारीख असते. मे महिन्यात ‘साठवण’: पुरुमेंताची (पावसाळ्याच्या बेगमीची) खरेदी, सुकी मासळी, उन्हात पसरलेली सोलां (कोकमाची सालं). जून-जुलैत ‘विश्रांती’: १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, होड्या वर ओढून झापांनी झाकलेल्या असतात, जाळी विणायला काढलेली असतात. २४ जूनला सां जांव, विहिरीत उड्या घेण्याचा सण. आषाढी एकादशीच्या सुमारास माशेलचा चिखलकालो (चिखलात खेळायचा उत्सव), तिथे ‘माती’. फेब्रुवारी ते मे मिठागरं चालू असतात, तेव्हा ‘पांढरा’ किंवा ‘चौकोन’. आगरवाड्याला गेलात तर दोन्ही एकाच फोटोत बसतील.

विषय मिळाला, पण डोक्यात काहीच येत नाही. मग?

येत नाही असं नसतं. जे येतं ते सगळ्यांच्याच डोक्यात येतं. कागद घ्या, दहा मिनिटांत १५ गोष्टी लिहा आणि पहिल्या पाच खोडून टाका.

‘लाल’ घ्या. पहिल्या पाचांत गुलाब, कुंकू, मिरची, टपालपेटी आणि मावळता सूर्य असणार. खोडा. पुढच्या दहांत चिऱ्याची अर्धवट भिंत येईल, खाणपट्ट्यातल्या रस्त्याकडेची लाल धुळीने माखलेली पानं येतील, पहिल्या पावसात गढूळ झालेला ओहोळ, धावत्या ट्रकचा मागचा दिवा आणि त्याचं ओल्या डांबरावरचं प्रतिबिंब, कोकमाच्या रसाने रंगलेली बोटं. यातली निदान तीन तुमच्या घरापासून वीस मिनिटांच्या आत असतील. त्यांतलं एक निवडा आणि बाकीच्यांकडे त्या आठवड्यात बघूही नका.

एक कसोटी: शीर्षक झाकून फोटो घरच्या कुणाला दाखवा आणि विचारा, ‘हा कशाचा फोटो?’ ‘लाल’ या विषयावर उत्तर ‘देऊळ’ आलं, तर फ्रेममध्ये लाल आहे पण फोटो लालचा नाही. पुढे सरका, बाकीचे रंग बाहेर काढा.

‘प्रतीक्षा’, ‘उरलेलं’ असले विषय आले की काय करायचं?

भाव पकडायला जाऊ नका, वस्तू शोधा. प्रतीक्षा म्हणजे काय दिसतं? फेरीबोट पलीकडच्या काठाला असताना रायबंदरच्या धक्क्यावर बंद करून ठेवलेल्या दुचाकी. बाल्कांवातली (घरापुढच्या पडवीतली) रिकामी खुर्ची आणि खाली काढून ठेवलेल्या चपला. सकाळी पोदेर (पाववाला) यायच्या आधी फाटकाला अडकवलेली कापडी पिशवी. या शेवटच्यात माणूस नाही, चेहरा नाही, तरी विषय पूर्ण आहे.

उदास चेहरा करून बसलेल्या मित्राचा काळा-पांढरा फोटो हे या विषयांवरचं सगळ्यात घिसंपिटं उत्तर आहे. मित्रालाही कंटाळा येतो.

गोव्यात प्रकाश कधी चांगला मिळतो?

सूर्योदयानंतरचा आणि सूर्यास्ताआधीचा एकेक तास, हे सगळीकडचं उत्तर. इथले तपशील जरा वेगळे आहेत. पणजीत जूनअखेरीस सूर्य सातनंतर पाचेक मिनिटांनी मावळतो, नोव्हेंबरअखेरीस सहाच्या सुमारास. म्हणजे कामावरून सुटल्यावर प्रकाश गाठणं हिवाळ्यात कठीण आणि उन्हाळ्यात सोपं. सकाळी सूर्य सह्याद्रीच्या बाजूने वर येतो, त्यामुळे सत्तरी-सांग्यात पंचांगातल्या वेळेनंतरही बराच वेळ सावली राहते. किनाऱ्यावर सकाळी सूर्य पाठीशी आणि समुद्र समोर उजळलेला असतो. या वेळी तिथे गर्दीही नसते. सगळे फोटो सूर्यास्ताचेच का असतात, कोण जाणे.

सूर्य बुडाला की लगेच निघू नका. पुढच्या वीस-पंचवीस मिनिटांत आकाश निळं होतं आणि रस्त्यावरचे दिवे त्याच्याशी तोलाचे येतात. पणजीचा अटल सेतू किंवा मांडवीकाठचे दिवे काढायचे ते तेव्हा. अर्ध्या तासानंतर आकाश काळं आणि दिवे नुसते पांढरे ठिपके.

‘सावली’ हा विषय असेल तर एक गंमत. गोवा १५.५ अंश उत्तरेला आहे, त्यामुळे वर्षातून दोनदा, मेच्या पहिल्या आठवड्यात आणि ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात, भरदुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. साडेबारानंतरच्या दहा-पंधरा मिनिटांत उभ्या खांबाची सावली जवळजवळ नाहीशी होते. ऑगस्टमध्ये ढग आडवे येतात, म्हणून मे धरा. सावलीच नसलेला फोटो हे ‘सावली’वरचं चांगलं उत्तर आहे.

पावसाचे चार महिने उपक्रम बंद ठेवावा का?

अजिबात नको. ढगाळ दिवशी आकाश हा एक मोठा मऊ दिवाच असतो. दुपारी एक वाजताही चेहरे, पानं, जुन्या भिंती चांगल्या येतात. मे महिन्यात दुपारी एकला काढून दाखवा!

दोन अडचणी येतात. पहिली, पांढरंफटक आकाश. त्यावर उपाय एकच, ते फ्रेममध्ये घेऊ नका. डोंगर, झाडं, भिंत यांची पार्श्वभूमी शोधा. दुसरी, जुलैत सगळंच हिरवं. हिरव्यावर हिरवं ठेवलं की फोटो सपाट होतो आणि लोक मग रंग चढवत बसतात. खरं तर ओल्या पानांवर आकाशाची चकाकी असते, तिच्यामुळे हिरवा फिका पडतो. पोलरायझर फिल्टर फिरवून ती घालवा. त्यात दीड-दोन स्टॉप प्रकाश जातो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा), तेव्हा आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, १०० वरून ४०० ला न्या. मोबाइलवाल्यांनी पोलरॉइड गॉगलची काच लेन्ससमोर धरून फिरवावी, काम होतं.

पाऊस स्वतः फोटोत दिसायला हवा असेल तर मागे काळोख लागतो: उघडं दार, दाट झाड, ओला चिरा. प्रकाश बाजूने किंवा मागून. थेंबांच्या रेघा हव्या तर शटर १/६० ते १/१२५ सेकंद, गोठलेले थेंब हवे तर १/१०००. ऑटोफोकस थेंबांवरच अडकतो, म्हणून एकच फोकस-बिंदू निवडा किंवा फोकस हाताने लावा.

पावसात कॅमेरा कसा सांभाळायचा? भिजलाच तर?

जाड प्लॅस्टिकची पिशवी, लेन्सएवढं भोक, हूडवर (लेन्सपुढच्या कड्यावर) रबरबँड. हूड हवाच, कारण खरा त्रास पुढच्या काचेवरच्या थेंबाचा असतो. खिशात दोन कोरडी मायक्रोफायबर फडकी ठेवा: एक पाणी टिपायला, दुसरं पुसायला. एकच असेल तर तिसऱ्या फोटोनंतर ते फक्त पाणी पसरवतं.

एसी गाडीतून बाहेर पडताच लेन्स धुरकट होते, ती थंड काचेवर बसलेली वाफ. पुसू नका, पुन्हा बसेल. गाडी थांबवायच्या २०–३० मिनिटं आधी एसी बंद करा किंवा कॅमेरा झिपच्या पिशवीत बंद ठेवूनच बाहेर काढा आणि तापमान सारखं होईतो थांबा.

आत पाणी गेल्याची शंका आली तर लगेच बंद करा, बॅटरी आणि कार्ड काढा, लेन्स उतरवा, पंख्याखाली ठेवा आणि मग सिलिका जेलच्या डब्यात दोन दिवस. ‘चालतोय का बघू’ म्हणून मधेच चालू केला की सर्किट जळतं. हेअर ड्रायर नको. गरम हवा वाफ आणखी आत ढकलते. तांदळाच्या डब्यात तांदळाची पूड आत जाण्यापलीकडे फारसं काही होत नाही.

लेन्सला बुरशी लागते, ती कशी टाळायची?

गोव्यात हा प्रश्न सगळ्यांच्या आधी यायला हवा. दमट हवा, अंधार आणि हालचाल नसणं, या तिन्ही गोष्टी कपाटात ठेवलेल्या कॅमेरा बॅगेत एकत्र येतात. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसू लागले की बुरशीने सोडलेलं आम्ल काचेवरचं कोटिंग खायला लागलेलं असतं. डाग पुसले तरी कोटिंग परत येत नाही.

घरगुती उपाय असा: रबरी कड असलेला १० लिटरचा हवाबंद डबा, त्यात छोटा आर्द्रतामापक आणि २०० ते २५० ग्रॅम केशरी सिलिका जेल. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मधे ठेवायचा. ५५ च्या वर गेला की जेल बदला. ३५ च्या खाली फार काळ राहू देऊ नका, आतलं वंगण आणि रबर कोरडं पडतं. जेल हिरवं झालं म्हणजे भरलं. ओव्हनमध्ये ११०–१२० अंशांवर दोनेक तास ठेवलं की पुन्हा केशरी होतं. निळं जेलही मिळतं, पण त्यात कोबाल्ट असतं; स्वयंपाकघराच्या ओव्हनमध्ये ते नकोच. चामड्याचं कव्हर डब्यात घालू नका, ते ओल धरतं. ज्यांच्याकडे तीन-चार लेन्स आहेत त्यांनी सरळ विजेवर चालणारं ड्राय कॅबिनेट घ्यावं.

आणि दर आठवड्याला कॅमेरा बाहेर निघतो, हात लागतो, हवा लागते, हे वेगळंच. पावसाळ्यात उपक्रम बंद ठेवणाऱ्यांच्या लेन्स सप्टेंबरात बघा.

किनाऱ्यावर काय बिघडतं?

मीठ आणि वाळू. वारा असताना लेन्स बदलू नका. ट्रायपॉडचे पाय काढताना सगळ्यात खालचा, बारीक भाग आधी बाहेर काढा, म्हणजे वरचे सांधे वाळू-पाण्यापासून दूर राहतात. घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुऊन उघडाच वाळवा. कॅमेऱ्यावरचं खारं पाणी कोरड्या फडक्याने घासलं तर मिठाचे कण काच खरवडतात. आधी गोड्या पाण्यात पिळलेलं फडकं, मग कोरडं.

फोटोतला नेहमीचा दोष म्हणजे कललेलं क्षितिज. कॅमेऱ्यात ग्रिड चालू करा. पडद्यावर एका अंशाचा कलही समुद्राला उतार लावतो.

‘प्रतिबिंब’ आलं की सगळे कार्यालयांच्या काचाच काढतात. दुसरं काय?

ओहोटी गाठा. पाणी नुकतंच मागे सरकलेली ओली, सपाट वाळू आरशासारखी असते, पण काही मिनिटंच. भरती-ओहोटीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे जाते. सूर्यास्त आणि ओहोटी एकत्र येणारे दोन-तीन दिवस तक्त्यात आधी बघून ठेवा. लावणीच्या दिवसांतली, पाणी भरलेली पण रोपं वाढण्याआधीची शेतं आणि खाजन (खाडीकाठच्या, बांध घातलेल्या) जमिनीतली मानशीजवळची, म्हणजे पाणी सोडायच्या दाराजवळची, तळी सकाळी आठच्या आत बघा. पुढे वारा सुटला की पाणी मोडतं.

हे काहीच जमलं नाही तर रस्त्यावरचं डबकं घ्या. मोबाइल उलटा धरा, लेन्स पाण्यापासून दोन बोटांवर येऊ द्या. ताटाएवढ्या डबक्यात अख्खं चर्च किंवा दीपस्तंभ मावतो.

‘गती’ या विषयावर फोटो हललेला दिसतो, गती दिसत नाही. का?

सगळंच हललं तर तो हललेला फोटो. काहीतरी एक स्थिर हवं.

एक मार्ग: कॅमेरा विषयासोबत फिरवा. सायकलवरच्या पोदेरसाठी शटर १/२० ते १/३०, स्कूटरसाठी १/४० ते १/६०. पाय रोवून उभे राहा, कंबरेतून वळा, शटर दाबल्यावरही वळणं थांबवू नका. दहापैकी एक जमतो, तेव्हा ३० तरी काढा. मागची भिंत रंगीत, चट्ट्यापट्ट्यांची असेल तर रेघा दिसतात. कोरी पांढरी असेल तर काहीच दिसत नाही.

दुसरा मार्ग: कॅमेरा स्थिर, विषय हलता. लाटा किंवा धबधबा अर्धा ते दोन सेकंद. दिवसा एवढं मंद शटर ठेवलं की फोटो पांढरा पडतो, म्हणून एनडी फिल्टर, म्हणजे प्रकाश अडवणारी काळसर काच. सहा स्टॉपचा, म्हणजे एनडी ६४, पहिला घ्या. दहा स्टॉपचा त्यानंतर, वाटलाच तर. आयफोनवर लाइव्ह फोटो काढून नंतर ‘लाँग एक्स्पोजर’ निवडता येतं.

चवथ (गणेश चतुर्थी), नरकासुर, शिगमो: सेटिंग काय ठेवायचं?

माटोळी (गणपतीवर टांगलेली फळा-पानांची चौकट) घरात, डोक्याच्या वर आणि खिडकी बहुधा मागे, म्हणून ती काळी पडते. फ्लॅश मारला की सुपारीचे घोस आणि रानफळं सपाट दिसतात. उजेड येतो त्या बाजूला पाठ करून खाली बसा, वाइड लेन्स, एफ ४, आयएसओ १६००, आणि एक्स्पोजर +१. रंगीत दिव्यांच्या माळा घरच्यांना विचारून दोन मिनिटं बंद करता आल्या तर रंग खरे येतात. घर दुसऱ्याचं असेल तर आधी देवाला नमस्कार, मग कॅमेरा. हे सांगायला लागू नये.

नरकासुराचा पुतळा नरक चतुर्दशीच्या पहाटे जळतो. जाळ फ्रेममध्ये आला की कॅमेरा गोंधळतो. एक्स्पोजर –१ करा, नाहीतर ज्वाळा नुसती पिवळी चकती होते. १/१२५ ला ज्वाळेचा आकार दिसतो, १/१० ला ठिणग्यांच्या रेघा. आत फटाके भरलेले असतात, म्हणून दूर आणि वारा पाठीवर घेऊन उभे राहा.

शिगम्याच्या मिरवणुकीत वेगळीच अडचण असते: फोटोवर आडवे काळे पट्टे. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर १/५० किंवा १/१०० ठेवा, पट्टे जातात. रोमटामेळाला (ढोल-ताशांवर नाचत जाणाऱ्या जथ्याला) १/१०० चालतं. घोडेमोडणीत (कमरेला लाकडी घोडा बांधून केलेल्या नाचात) उडी गोठवायची तर १/२५० लागतं. तेव्हा कॅमेऱ्यातला अँटी-फ्लिकर पर्याय चालू करा आणि एकेका उडीचे चार-पाच फोटो घ्या.

अनोळखी माणसांचे फोटो काढावेत का?

विचारून. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मासळी किंवा भाजी विकणाऱ्या बायांसमोर कॅमेरा रोखून उभं राहणं म्हणजे त्यांच्या गिऱ्हाइकांच्या वाटेत उभं राहणं. आधी काहीतरी विकत घ्या, दोन शब्द बोला, मग विचारा. नको म्हटलं तर नको. सकाळी सात ते साडेआठ घाई असते. अकरानंतर लोक बोलायच्या मनःस्थितीत असतात.

पणजीतल्या फोंतेन्हासच्या गल्ल्यांत लोक राहतात. पायऱ्यांवर बसू नका, खिडकीतून आत डोकावू नका, कपडे बदलून बदलून फोटोसत्रं करू नका. रहिवाशांनी पाट्या लावल्यात त्या याचसाठी. किनाऱ्यावरच्या पोहायच्या कपड्यातल्या पर्यटकांचे चोरून काढलेले फोटो हा कुठल्याच आठवड्याचा विषय होऊ शकत नाही. लहान मुलांसाठी पालकांची परवानगी.

कुठे परवानगी लागते?

देवळाच्या गाभाऱ्यात आणि चर्चमध्ये प्रार्थना चालू असताना कॅमेरा नको. बाहेरच्या आवारात तिथला फलक वाचा. जुन्या गोव्यातल्या आणि तांबडी सुर्लासारख्या पुरातत्त्व खात्याच्या वास्तूंत ट्रायपॉडसाठी वेगळी परवानगी लागते, तेव्हा भिंतीला टेकून हाताने काढायची सवय लावा. दाबोळीचा तळ नौदलाचा आहे. त्या कुंपणाकडे लेन्स वळवूच नका. ड्रोन उडवण्याआधी डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर रंग बघा. दाबोळी आणि मोपा अशा दोन विमानतळांमुळे राज्याचा बराच भाग निर्बंधात येतो. अभयारण्यात वनखात्याचे नियम, आणि पक्ष्यांच्या घरट्यांचे फोटो नकोतच. दुर्मीळ पक्षी असेल तर फोटोतली जीपीएस माहिती काढून मगच तो पुढे पाठवा.

जुना फोटो चालेल का?

नाही. उपक्रम जुना साठा खपवण्यासाठी नाही. कॅमेऱ्यातली तारीख-वेळ मात्र बरोबर लावा. बॅटरी बराच काळ काढून ठेवली की ती मागे जाते आणि उगाच वाद होतात.

एडिटिंग किती करावं?

पाच मिनिटांत होईल तेवढं: क्षितिज, क्रॉप, उजेड, पांढऱ्याचा तोल. स्नॅपसीड फुकट आहे, संगणकावर डार्कटेबलही. आकाश बदलणं किंवा नसलेला पक्षी आणून बसवणं नको. आकाशात गोल करडे ठिपके दिसले तर ती सेन्सरवरची धूळ. एफ १६ ला पांढऱ्या भिंतीचा फोटो काढला की किती आहे ते कळतं. तोंडाने फुंकू नका, थुंकी उडते. रबरी ब्लोअर वापरा. पाठवायचा फोटो लांब बाजूला २०४८ पिक्सेल, जेपेग, दर्जा ८५.

शंभर फोटोंतून एक कसा निवडायचा?

काढला त्याच रात्री निवडू नका. काढायला झालेले कष्ट डोळ्यांवर येतात. दुसऱ्या दिवशी सगळे लहान आकारात एकत्र बघा. बोटाच्या नखाएवढा असतानाही जो कळतो, तो सहसा मोठा केल्यावरही टिकतो. तीन उरले की मित्राला विचारा, पण ‘कुठला आवडला’ असं नको. ‘आधी नजर कुठे गेली’ असं विचारा. नजर कोपऱ्यातल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर गेली असेल तर उत्तर मिळालं.

दुसऱ्याच्या फोटोवर बोलतानाही हाच प्रश्न उपयोगी पडतो. ‘मस्त!’ने कुणाचं भलं होत नाही.

एखादा आठवडा चुकला तर?

सोडून द्या. वर्षाला तीन सुट्ट्या आधीच धरा. मागचे दोन विषय आणि चालू एक असे तिन्ही एका रविवारी करायला निघालेला माणूस पुढच्या रविवारी दिसत नाही.

साठवण कशी करायची?

आठवड्याला ६० फोटो, २४ मेगापिक्सेलचे, रॉ (कॅमेऱ्याच्या मूळ फाइलच्या) स्वरूपात: वर्षाचे ८५ ते ९० जीबी होतात. फोल्डरला क्रमांक आणि विषय द्या, ‘०७ लाल’ असा, म्हणजे क्रमाने लागतात. दोन वेगळ्या डिस्कवर एकेक प्रत आणि एक घराबाहेर. निवडलेले ५२ तरी क्लाउडवर.

वर्षाच्या शेवटी या ५२ फोटोंचं काय करायचं?

४ × ६ इंची प्रिंट काढा. त्याला १२०० × १८०० पिक्सेल पुरतात, म्हणजे मोबाइलचा कुठलाही फोटो चालतो. सगळे जमिनीवर मांडा. किती फोटो डोळ्यांच्या उंचीवरून काढलेत, किती संध्याकाळचे, किती माणसांशिवाय, ते मोजा. ज्याचे तीनही नसतील, त्याच्या चिठ्ठ्या पुढच्या बरणीत जास्त टाका. त्यातले दहा-बारा १२ इंची करून भिंतीवर लावण्यासारखे निघाले तर वर्ष चांगलं गेलं म्हणायचं. बाकीचे डब्यात ठेवताना प्रत्येक प्रिंटच्या मधे बटर पेपर घाला. जूनमध्ये चकचकीत कागद एकमेकांना चिकटतात आणि सुटताना वरचा थर घेऊन येतात.